गावात कॉलनी येतेय? आधी हे विचारा

जबलपूरमध्ये पत्ता सांगताना बऱ्याचदा एखादं तळं येतंच. राणीताल, चेरीताल, आधारताल! राणी दुर्गावती, तिची दासी आणि दिवाण आधारसिंह यांच्याशी जोडलेली ही नावं. शहरात कधीकाळी 52 तळी होती, असं जुने लोक सांगतात. आज चेरीतालमध्ये घरं आहेत, तळं फक्त नावात उरलंय. म्हणूनच मोठा गृहप्रकल्प येणार म्हणून एखाद्या गावातले लोक काळजीत पडले, की त्यांना लगेच ‘विकासाचे विरोधक’ म्हणणं मला पटत नाही.

गोव्याचंच उदाहरण बघा. ऑगस्ट 2006 मध्ये तिथे ‘प्रादेशिक आराखडा 2011’ अधिसूचित झाला. शेती, बागायती आणि डोंगरउतारांच्या कितीतरी जागा त्यात वस्तीसाठी दाखवल्या होत्या. लोकांनी नकाशे पाहिले आणि ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. जानेवारी 2007 मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. पण प्रश्न तिथे संपला नाही. 2024 मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम 39अ आलं. त्यानुसार एखाद्या जमिनीचा झोन बदलता येतो आणि लोकांना हरकतीसाठी 30 दिवस मिळतात.

30 दिवस! सणवार आणि शेतीची कामं यांत ते कधी निघून जातात, कळतही नाही.

घरं तर हवीतच. गावातल्या मुलामुलींनाही लग्नानंतर वेगळं घर लागतं. पण ग्रामसभेत हे प्रश्न विचाराच:

• नव्या घरांना पाणी कुठून येणार? आपल्याच विहिरी आणि बोअरवेलमधून?
• सांडपाणी कुठे सोडणार?
• पावसाचं पाणी ज्या ओढ्याने जातं, तो बुजणार का?
• रस्ता, शाळा, दवाखाना वाढलेल्या लोकसंख्येला पुरेल का?
• ही घरं गावातल्या माणसाला परवडतील का?

आणि हो, नुसतं तोंडी बोलून किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राग काढून भागत नाही. हरकत लेखी द्या, मुदतीत द्या आणि पोच घ्या. आजीला नकाशा वाचता येत नसेल, पण पूर्वी पाणी कुठपर्यंत चढायचं हे तिला नक्की माहीत असतं. तिला विचारून तेही त्या अर्जात लिहा.