वारा आपला, शीड भोपाळचे



२०२३ साली चीनमधील हांगचौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत इबाद अली या तरुणाने विंडसर्फिंगच्या एका प्रकारात भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धांत छोट्या शिडाच्या नौकेच्या शर्यतीत नेहा ठाकूर या शाळकरी वयाच्या मुलीने रौप्यपदक पटकावले. दोघेही मध्य प्रदेशचे, दोघेही भोपाळच्या तलावात तयार झालेले. ज्या राज्याला समुद्राचा एक थेंब लाभलेला नाही, त्याने ही पदके आणली. एप्रिलच्या दुपारी रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर उभे राहिले की मला याचे वैषम्य वाटते. समोर भणाणता वारा आणि लाटा, आणि पाण्यावर एकही शीड नाही!

विंडसर्फिंग म्हणजे काय ते आधी पाहू. एक लांबट, हलकी फळी घ्या. तिच्यावर डोलकाठी उभी करा. पण ती घट्ट न रोवता सर्व दिशांना वळेल अशा सांध्याने जोडा. काठीला शीड आणि शीड धरायला एक आडवी दांडी. झाली शीडफळी. हिला सुकाणू नसते. शीड पुढे झुकवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवले की वाऱ्याकडे. इतके साधे हे यंत्र आहे.

इतके साधे, की त्याच्या शोधावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. अमेरिकेत ड्रेक आणि श्वाइट्झर या दोघांनी १९६८ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे ब्रिटनमध्ये खटला चालला, तेव्हा असे पुढे आले की पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ सालीच इंग्लंडच्या किनाऱ्यावर घरगुती शीडफळी चालवली होती. १९८५ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ते पेटंट अमान्य ठरवले. बारा वर्षे म्हणजे आपल्याकडचा सहावी-सातवीतला मुलगा.

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. शीड कसे चालते, असे मी दर वर्षी पहिल्या वर्गात विचारतो. उत्तर ठरलेले: “वारा मागून ढकलतो.” मग वारा बाजूने असताना होडी पुढे कशी जाते? येथे वर्ग गप्प होतो. खरे असे, की तिरके धरलेले शीड वाऱ्याच्या झोताची दिशा वळवते. शिडाने हवेला एका बाजूस ढकलले की हवा शिडाला उलट बाजूस ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. हे बल बरेचसे आडवे असते. त्याचे दोन घटक करा. आडव्या घटकाला फळीच्या तळाचा, माशाच्या परासारखा असणारा पर पाण्यात अडवतो. उरतो तो पुढचा घटक, आणि फळी धावते. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र जाता येत नाही. साधारण ४५ अंश कलून, नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते. ही विद्या आपल्या गलबतांच्या तांडेलांना शाळेत न जाता येत होती. इंजिने आली, शिडे उतरली, आणि दोन-तीन पिढ्यांत ती विद्याही किनाऱ्यावरून उतरली.

एक गणित करून पाहा. पाच चौरस मीटरचे शीड आहे आणि वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहतो आहे. शिडावरचे बल ढोबळमानाने ३०० न्यूटन येते, म्हणजे सुमारे ३० किलोचा भार. वारा निम्मा झाला तर बल निम्मे नव्हे, चौथाई होते: ७५ न्यूटन. हे ३०० न्यूटन फळीपासून दीड मीटर उंचीवर लागतात असे धरा, म्हणजे उलथवू पाहणारे परिबल ४५० एकक. ६० किलो वजनाच्या माणसाने ते तोलायचे तर त्याचा गुरुत्वमध्य फळीच्या बाहेर पाऊण मीटर गेला पाहिजे. म्हणून तर हा गडी पाण्यावर जवळजवळ आडवा लटकलेला दिसतो! आपण तरफेचे नियम वर्गात मोजपट्टी आणि पेन्सिलीवर शिकवतो. शिकवावेत, पण खाडी शंभर पावलांवर असताना तेवढ्यावरच का थांबावे?

लाटांवरच्या विंडसर्फिंगमध्ये आणखी एक साधे यंत्र येते, ते म्हणजे उतरण. बाहेर जाताना लाटेच्या उतारावरून फळी हवेत झेपावते. परतताना त्याच उतारावरून घसरते. ही उतरण मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखी स्थिर नसते. ती पुढे पळत असते, म्हणून घसरण लवकर संपत नाही. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोली आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. खोली दोन मीटर असेल तर तासाला सुमारे १६ किलोमीटर. हवाई बेटांपैकी माउई बेटावरचे होओकिपा हे ठिकाण या खेळासाठी जगप्रसिद्ध आहे, कारण तेथे व्यापारी वारे किनाऱ्याला आडवे वाहतात आणि लाटाही मोठ्या असतात.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खारा वारा वायव्येकडून येतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहा, तो उजव्या गालावर लागेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खाऱ्या वाऱ्याने रोज दुपारी लाटा कशा उठतात हे दाखवून दिले आहे. शिवाय हा वारा तिरका पण किनाऱ्याकडे येणारा, म्हणजे शीड फाटले तरी माणसाला जमिनीकडेच आणणारा.

पालक म्हणतील, मास्तर, पोरे बुडतील. ही भीती रास्त आहे, आणि तिला उत्तर विज्ञानानेच द्यायचे आहे. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी तेव्हा अगदी शांत, मोहात पाडणारे दिसते. पण तोच वारा नवख्याला आत खेचून नेतो. पावसाळ्यात तर नावच नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद असते, ती काही उगीच नाही. अनुभवी मंडळीसुद्धा हा खेळ टोळीने खेळतात. एक लाटेवर असला की दुसऱ्याची नजर त्याच्यावर असते. एकट्याने पाण्यात शिरणाऱ्याला मी खेळाडू म्हणणार नाही.

तेव्हा सुरुवात लाटांवर नकोच. भाट्याच्या खाडीत, भरतीच्या थोपलेल्या पाण्यात करावी. आधी पोहणे, मग जीवरक्षक जाकीट घालून लहान शिडाची फळी, आणि काठावर एखादा जाणता कोळी. शाळा-महाविद्यालयांनी मिळून दोन-तीन फळ्या घेतल्या तरी पुरे. शिक्षकांनी सोबत साधा वातवेगमापक आणि वही न्यावी. दर अर्ध्या तासाला वाऱ्याचा वेग आणि दिशा मुलांनीच टिपावी. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा प्रयोग असा रोज करता येणार नाही. आमचा वारा दुपारी सुटतो आणि संध्याकाळी उशिरा पडतो, तेव्हा शाळेचे वेळापत्रक थोडे हलवावे लागेल.