सर्व्हर नाहीं म्हणतो तेव्हां

धंतोलींतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं २०२२ सालच्या पावसाळ्यांत घडलेली ही गोष्ट आहे. घरांतील आजोबा, ज्यांना सर्व जण नाना म्हणतात, रोज सकाळीं पूजा आटोपून संगणकापुढें बसत व टोरांटोस असलेल्या मुलीची ईमेल वाचीत. एके दिवशीं मेलच्या प्रोग्रामनें पाटी दाखविली, “पासवर्ड चुकीचा आहे.” नानांनीं वही काढून तो पुन्हा लिहिला, पुन्हा तीच पाटी. सूनबाईंनीं लिहून पाहिला, थोरल्या नातवानें पाहिला. अखेर धाकट्यानें खातें प्रोग्राममधून काढून टाकून तें नव्यानें घालण्याचा उपाय केला, आणि काढतांना विचारलेल्या प्रश्नास न वाचतांच होकार दिला. पासवर्ड तरीही चुकीचाच ठरला. मात्र त्या यंत्रावर साठविलेलीं सोळा वर्षांचीं पत्रें गेलीं. त्यांत नानांच्या दिवंगत वडीलबंधूंचींही होतीं.

वस्तुतः पासवर्ड बरोबर होता. सर्व्हरनें दिलेलें उत्तर असें होतें कीं, केवळ पासवर्डावर आतां प्रवेश मिळणार नाहीं, नव्या रीतीनें ओळख पटवावी. मोठ्या टपालसेवांनीं सुरक्षिततेसाठीं हा बदल त्या सुमारासच केला. नानांच्या जुन्या प्रोग्रामला ती रीत ठाऊक नव्हती. त्यानें त्या उत्तराचा आपल्या बुद्धीप्रमाणें अर्थ लावला आणि घरांतील चार सुशिक्षित माणसांनीं तो प्रमाण मानला. मूळ उत्तर कोणीच वाचलें नाहीं.

तें वाचणें कठीण नाहीं. पत्र पाठविण्याची जी बोली आहे तिला एसएमटीपी म्हणतात. तिचा एक प्रमुख नियमग्रंथ जोनाथन पोस्टेल या अमेरिकन संशोधकानें १९८२ च्या ऑगस्टांत सिद्ध केला. (आडनांवांतच पोस्ट असावें हा योगायोग मौजेचा खरा!) तींत सर्व्हरचें प्रत्येक उत्तर तीन आंकड्यांनीं सुरू होतें, व पुढें माणसांसाठीं एखादें वाक्य असतें.

आंकड्यांत अर्थ भरण्याची ही युक्ति आपल्याला परकी नाहीं. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली पिनकोडची पद्धति श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपालखात्यांतील हे वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे कवि म्हणूनही प्रसिद्ध होते. नागपूरचा ४४०००१ हा आंकडा पाहा. पहिला चार पाहतांच महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग कळतो. चव्वेचाळीस म्हटलें कीं विदर्भ. टपाल छाटणाऱ्यास पहिल्या पायरीला पुढचें गांव वाचावें लागत नाहीं.

सर्व्हरच्या उत्तरांतही पहिलाच आंकडा महत्त्वाचा. दोन असला तर काम झालें. तीन म्हणजे “पुढें बोला”. चार म्हणजे “सध्यां नाहीं”, आणि पांच म्हणजे “असें जमणार नाहीं”. चार व पांच यांतील भेद न जाणल्यामुळें घराघरांतून केवढा त्रास होतो! ४२१ किंवा ४५० आलें तर सर्व्हर कामांत गुंतला असेल, किंवा अनोळखी पाठविणाऱ्याची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें पहिल्या खेपेस मुद्दाम परत धाडलें असेल. अशा वेळीं स्वस्थ बसावें. अर्ध्या तासानें तेंच पत्र बहुधा जातें. उलट ५५० आलें तर तो पत्ता तेथें नाहीं किंवा पत्र स्वीकारण्यास नकार आहे. शंभर वेळां पाठवूनही उपयोग नाहीं, पत्ता तपासावा. ५३५ म्हणजे ओळख पटली नाहीं. नानांना आलेला आंकडा हाच होता, आणि खरें कारण त्याच्या पुढच्या वाक्यांत होतें. तेथें पासवर्ड वारंवार लिहीत बसणें तर अपायकारकच. पुष्कळ सर्व्हर अशा वेळीं कांहीं काळ दारच लावून घेतात.

आलेलीं पत्रें आणण्याची बोली निराळी. आयमॅप नांवाच्या पद्धतींत ‘ओके’, ‘नो’ व ‘बॅड’ अशीं तीन उत्तरें आहेत. ‘नो’ म्हणजे मागणें कळलें, पण तें पुरवितां येत नाहीं. ‘बॅड’ म्हणजे मागणेंच कळलें नाहीं. हें दुसरें दिसलें तर पासवर्ड, पत्ता, माणूस यांपैकीं कोणाकडे बोट दाखवूं नये. प्रोग्राम व सर्व्हर यांचीच बोली जुळत नाहीं, आणि प्रोग्रामची नवी आवृत्ति घेणें हाच बहुधा उपाय. कधीं कधीं तर आंकडाच येत नाहीं, संभाषण सुरू होण्यापूर्वींच तुटतें. तेव्हां आम्ही प्रथम संगणकाचें घड्याळ पाहतों. आंतील बॅटरी संपून तारीख मागें गेली, तर सर्व्हरचा सुरक्षिततेचा दाखला यंत्रास खोटा वाटतो.

मूळ उत्तर पाहण्याची सोय थंडरबर्डमध्यें ‘एरर कन्सोल’ या नांवानें आहे; आउटलुकच्या संगणकावरील जुन्या आवृत्तींत ‘ट्रबलशूटिंग लॉगिंग’ चालू करावें लागतें. परत आलेल्या पत्राच्या पोटांत तर तें बहुधा लिहिलेलेंच असतें, पण इंग्रजी पाहून आपण तें पुसून टाकतों. अशी नोंद दुसऱ्यास दाखवितांना मात्र जपावें. कांहीं नोंदींत पासवर्ड रूप पालटून असतो, आणि तें रूप जाणत्यास क्षणांत उलगडतां येतें.

पीओपी नांवाच्या जुन्या पद्धतीनें पत्रें आणणाऱ्यांनीं खात्याला हात लावण्यापूर्वीं साठवणीची प्रत दुसरीकडे काढावी. त्या पद्धतींत पत्रें यंत्रावर उतरलीं कीं पुष्कळदां सर्व्हरवरून नाहींशीं होतात, आणि घरांतली प्रत हीच एकमेव राहते. नानांचें तसेंच झालें होतें.

पुढें त्यांनीं नव्या रीतीचा प्रोग्राम घेतला व मुलीचीं पत्रें पुन्हा येऊं लागलीं. वडीलबंधूंचीं कांहीं पत्रें मागाहून मिळालीं. पुण्यास त्यांच्या चिरंजीवांनीं वडिलांचा जुना संगणक माळ्यावर ठेवला होता. त्यांतील ‘पाठविलेलीं’ या कप्प्यांत शेवटच्या चार वर्षांचीं होतीं. त्यापूर्वींचीं नाहींत.