शिक्षणाचा हिशेब मांडताना



गेल्या वर्षीच्या भीमजयंतीचा प्रसंग आपल्यापैकी काहींना आठवत असेल. कार्यक्रम आटोपून भोजन चालू असताना आपल्या एका सभासदाने मला बाजूला घेतले. "डॉक्टरसाहेब, मुलगा अकरावीत आहे. म्हणतो, कॉलेजात जाऊन काय उपयोग? दोन लाख डॉलर घालवायचे आणि पुन्हा नोकरीसाठी वणवण करायची. त्यापेक्षा मी इलेक्ट्रिशियन होतो. त्याला काय सांगू?" मी तोंड उघडण्यापूर्वीच शेजारच्या एका गृहस्थांनी मोठ्याने म्हटले, "बाबासाहेबांच्या लेकराने असे बोलावे?" चारजण हसले आणि विषय संपला. मुलगा दोन खुर्च्यांपलीकडे बसला होता. त्याने मान खाली घातली. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईवडील आले; तो आला नाही.

हा प्रसंग मला वर्षभर बोचत राहिला आहे. प्रश्न रास्त होता आणि आपण त्याचे उत्तर न देता बाबासाहेबांच्या नावाने त्याचे तोंड बंद केले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेचे हे पान त्या प्रश्नासाठी राखून ठेवले आहे.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही, कारण तो पडण्याची सोय नव्हती. माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात खलाशी होते. १९८८ साली मला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा घरात फीची चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही. ती फी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतून भरली जाई. ही योजना १९४४ साली सुरू झाली, त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडायला सहा-सहा महिने लागत. खाणावळीच्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून माझे नाव लागे, आणि तेवढे दिवस मी सर्वांच्या आधी जाऊन जेवून येत असे. तथापि पदवी हाती आली तेव्हा आमच्यावर कोणत्याही बँकेचे एक पैशाचे कर्ज नव्हते.

कर्ज नव्हते असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. माझी थोरली बहीण नववीतून शाळा सोडून घरी बसली, धाकटी भावंडे सांभाळू लागली, पुढे बिडीच्या कारखान्यात जाऊ लागली. ती वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती. माझ्या शिक्षणाचा तो खर्च कोणत्याही पावतीवर नाही. शिक्षण फुकट मिळाले असे जेव्हा एखादा माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या घरातील कोणती स्त्री मागे राहिली हे विचारावे, असे मला आता वाटते.

अमेरिकेतील हिशेब अगदी वेगळा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात चार वर्षांचा अभ्यासक्रम असणाऱ्या सरकारी विद्यापीठांत स्वतःच्या राज्यातील विद्यार्थ्याला वर्षाची जाहीर फी सरासरी ११,६०० डॉलरच्या आसपास होती. खासगी महाविद्यालयांत ती ४३,००० डॉलरच्या वर, तर दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात सुमारे ४,००० डॉलर. वसतिगृह आणि भोजन यांचे सरकारी विद्यापीठातही वर्षाला १३,००० डॉलरच्या घरात जातात, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च फीचा नसून राहण्या-जेवण्याचा आहे. घरापासून अर्ध्या तासावर चांगले विद्यापीठ असताना केवळ 'कॉलेजचा अनुभव' म्हणून मुलाला दूर पाठवणाऱ्या पालकांनी हा आकडा एकदा वेगळा लिहून पाहावा.

मग हा खर्च वसूल होतो का? सरकारी श्रम सांख्यिकी विभागाच्या आकड्यांनुसार २०२४ साली पूर्णवेळ काम करणाऱ्या पंचविशीपुढच्या माणसांपैकी केवळ हायस्कूल झालेल्याची मध्यक कमाई आठवड्याला ९३० डॉलर होती, तर पदवीधराची १,५४३ डॉलर. बेकारीचे प्रमाण अनुक्रमे ४.२ आणि २.५ टक्के होते. एवढ्यावरून कॉलेजात जाणे फायद्याचे, असा निर्णय देऊन मोकळे होता येईल. परंतु वैद्यकात आम्हाला एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात: सरासरी रुग्ण कधी दवाखान्यात येत नसतो. १,५४३ डॉलर हा आकडा पदवी पूर्ण केलेल्यांचा आहे. चार वर्षांच्या महाविद्यालयात प्रथमच पूर्णवेळ दाखल होणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे ६४ विद्यार्थी सहा वर्षांच्या आत त्याच संस्थेतून पदवीधर होतात. उरलेल्यांपैकी काही अन्यत्र जाऊन पुरे करतात. परंतु ज्यांचे सुटते त्यांचे कर्ज सुटत नाही. दिवाळखोरीतही ते सहजासहजी माफ होत नाही. पदवी नाही आणि कर्ज मात्र आहे, ही या देशातील सर्वांत वाईट अवस्था होय. आपल्यातील दोन कुटुंबांत हे घडले आहे. ती कुटुंबे हळूहळू कार्यक्रमांना येईनाशी झाली आणि आपण कारण विचारले नाही.

दुसऱ्या बाजूने, 'कॉलेज निरुपयोगी आहे' असा जो सूर अलीकडे ऐकू येतो त्याचीही तपासणी व्हावी. हा सूर लावणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा कॉलेजातच असतात. ज्यांच्या घरी दुकान आहे, जमीन आहे, मामाची कंपनी आहे, त्यांना पदवी ही शोभेची वस्तू वाटू शकते. आपल्या आजोबांनी आपल्यासाठी सातबाऱ्यावर काही ठेवले नाही. ओळखीने नोकरी देणारा काका आपल्या मुलांना नाही. जे कागदावर सिद्ध करता येते तेवढेच आपले. आणि धंद्यात एकदा बुडालो तर पुन्हा उभे राहण्यासाठी मागे कोणी नाही. म्हणून आपल्या बहुतेक मुलांनी महाविद्यालयात जावे, असेच माझे मत आहे. वाटेल त्या किमतीला जावे, असे मात्र नाही. आणि न जाणारा कमी शिकलेला असेही नाही.

रुग्णालयात मी रोज ज्यांच्या भरवशावर काम करतो त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हे पटते. रात्री तीन वाजता कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र सांभाळणारा रेस्पिरेटरी थेरपिस्ट, क्ष-किरण तंत्रज्ञ, कित्येक परिचारिका ही माणसे कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची पदवी घेऊन आलेली असतात. परिचारिकेला परवान्यासाठी जी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते ती दोन वर्षांची पदवी घेणारीला आणि चार वर्षांची घेणारीला एकच आहे. पुढे नोकरी करता करता, पुष्कळदा रुग्णालयाच्या पैशांतून, त्या उरलेली दोन वर्षे पुरी करतात. आपल्या मंडळींत मात्र 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द आवाज खाली आणून उच्चारला जातो. हे सोवळे आपण कोठून आणले?

बाबासाहेबांचे नाव घेतलेच आहे तर त्यांचा शिक्षणक्रमही नीट वाचावा. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात आले. १९१६ साली लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. आजच्या भाषेत ते 'ड्रॉपआउट' होते! १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. मध्ये खंड, नोकरी, काटकसर, मोजून घेतलेले कर्ज, हे सर्व त्या पदव्यांच्या मागे आहे. आणि मुंबईत तुटपुंज्या पैशांत घर चालवणाऱ्या रमाईही आहेत. ज्या महापुरुषाने पै-पैचा हिशेब मांडून विद्या मिळवली, त्याच्या नावाने आपण मुलांना हिशेब विचारू नका असे सांगतो, याला काय म्हणावे?

हिशेबाचे काही व्यवहारी मुद्दे येथे सांगणे मला आवश्यक वाटते. महाविद्यालयाची छापील किंमत आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयाला आपला नक्त खर्च काढण्याचे गणकयंत्र उपलब्ध ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज करण्यापूर्वी अर्धा तास त्यावर घालवावा. फाफ्साचा अर्ज 'आपले उत्पन्न जास्त आहे' असे गृहीत धरून सोडून देऊ नये. पालकांच्या नावे मिळणाऱ्या प्लस कर्जावर २०२५ च्या कायद्याने मर्यादा घातली आहे: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर. ज्यांना मुलांना डॉक्टर करायचे आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की त्याच तारखेपासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस कर्ज बंद असून वैद्यकासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी केंद्राचे कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर एवढेच आहे. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांचा चार वर्षांचा खर्च याहून बराच अधिक आहे. म्हणजे पहिल्या पदवीवरच सर्व शिल्लक संपवली तर पुढची वाट खासगी सावकारीतून जाते.

ज्यांचे ग्रीन कार्ड अद्याप रांगेत आहे त्यांची अडचण याहून बिकट आहे. एच-४ व्हिसावर वाढलेल्या मुलाला केंद्र सरकारचे शैक्षणिक साह्य किंवा कर्ज मिळत नाही. राज्यातील सवलतीची फी काही राज्यांत मिळते, काहींत नाही. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की आश्रित म्हणून राहण्याचा हक्क संपतो आणि बहुधा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. दुसऱ्या इयत्तेपासून येथेच शिकलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षात परदेशी विद्यार्थी व्हावे लागते. अशा घरांनी मूल नववीत असतानाच वकिलाशी बोलावे.

आणखी एक खर्च आहे. आपल्यापैकी बहुतेकजण येथील मुलांबरोबरच गावाकडच्या पुतण्या-भाच्यांच्या शिक्षणालाही पैसे पाठवतात. येथील वसतिगृहाचे एका वर्षाचे १३,००० डॉलर म्हणजे आजच्या दराने अकरा लाख रुपयांहून अधिक. एवढ्या रकमेत महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात एका मुलीचे संपूर्ण अभियांत्रिकी शिक्षण, वसतिगृहासह, होऊ शकते. माझ्या थोरल्या बहिणीची नात यंदा बारावीला आहे. आमच्या धाकट्या मुलाने घरी राहून विद्यापीठात जाण्याचे ठरवले तेव्हा या गोष्टीचा उच्चार आम्ही त्याच्यापाशी स्पष्टपणे केला होता. तो रागावला, चार दिवस बोलला नाही. त्याचा राग चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. डिसेंबरात मी त्याच्या वडिलांना दूरध्वनी करून त्याला एका रविवारी घरी बोलावले. तो वहीत आकडे लिहून आला होता. माझ्यापेक्षा त्याची तयारी अधिक होती. इलेक्ट्रिशियनची उमेदवारी चार ते पाच वर्षांची असते, पहिल्या दिवसापासून वेतन मिळते, प्रवेशाला बीजगणिताची परीक्षा द्यावी लागते, आणि २०२४ साली या कारागिरांचे मध्यक वार्षिक उत्पन्न ६२,००० डॉलरच्या वर होते, हे त्यानेच मला सांगितले. मी त्याला पाठीच्या दुखण्याविषयी आणि पन्नाशीनंतर शिडीवर चढण्याविषयी विचारले. ते त्याच्या वहीत नव्हते. त्याने लिहून घेतले. आम्ही तीन महाविद्यालयांचा नक्त खर्च काढला. एक सरकारी विद्यापीठ, घरून जाऊन-येऊन, त्याच्या अपेक्षेच्या निम्म्यात बसत होते. त्याने दोन्हीकडे अर्ज केला आहे. उमेदवारीच्या परीक्षेचा निकाल अद्याप यायचा आहे आणि विद्यापीठाला होकार १ मेपर्यंत कळवायचा आहे.

निघताना त्याच्या वडिलांनी विचारले, "जयंतीला लोक विचारतील, काय सांगू?" मी म्हटले, त्याला घेऊन या, तो माझ्या शेजारी बसेल.