शब्दांची कुळकथा : कर्फ्यू

बालमित्रांनो, 'कर्फ्यू' हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. २२ मार्च २०२० रोजी 'जनता कर्फ्यू' होता. सकाळी ७ ते रात्री ९ सारा देश घरात बसून होता. तुम्हाला आठवत नसेल तर आईबाबांना विचारा. एरवी शहरात दंगल झाली की कर्फ्यू लागतो. मराठीत आपण त्याला संचारबंदी म्हणतो. पोलीस, रिकामे रस्ते, बंद दुकानं! शब्द ऐकूनच जरा धास्ती वाटते, नाही का?

पण गंमत अशी, की हा हुकूम मुळात माणसांवर बंदी घालणारा नव्हताच. बंदी होती ती विस्तवावर!

शब्द मूळचा फ्रेंच. 'कूव्र' म्हणजे झाक आणि 'फ' म्हणजे विस्तव. 'कूव्र-फ' म्हणजे 'विस्तव झाक'! १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. तिथल्या दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली आणि कितीतरी फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. हाही त्यांतलाच. इंग्रजांच्या जिभेवर घासून घासून त्याचा 'कर्फ्यू' झाला.

विस्तव झाकायचा कशाला? त्या काळी युरोपातल्या गावांत घरं लाकडाची, छपरं गवताची आणि सगळी एकमेकांना खेटून. रात्री एक ठिणगी उडाली, की आळीच्या आळी खाक! म्हणून रात्री ठरल्या वेळी घंटा वाजे. ती ऐकली की घरोघर निखारे राखेखाली झाकायचे. वर ठेवायला खास झाकणही मिळे. त्याचं नावही तेच.

आता तुम्ही म्हणाल, सरळ विझवायचे की! अरे, पण काड्यापेटी कुठे होती तेव्हा? घासून पेटणारी काडी इंग्लंडात विकायला आली ती १८२७ साली. झाकलेल्या निखाऱ्यावरची राख सकाळी बाजूला सारली, फुंकर मारली, की झाला विस्तव तयार. आपल्याकडे चुलीपुढे बसणाऱ्या आज्याही असाच विस्तव राखत.

आगीची भीती काही खोटी नव्हती. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनमधल्या एका बेकरीत आग लागली. ती चार दिवस धुमसली आणि सुमारे १३ हजार घरं गेली.

पुढे विस्तव झाकायचं राहिलं, पण घंटा वाजतच राहिली. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात अजूनही रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोल पडतात. पूर्वी त्यानंतर कॉलेजचे दरवाजे बंद होत. असं होता होता शब्दातला विस्तव लोक विसरले आणि 'बाहेर पडू नका' एवढाच अर्थ उरला.

या शब्दाची भावंडं तुमच्या दप्तरातच आहेत बरं का! 'कूव्र' ज्या क्रियापदाचं रूप, त्यापासूनच इंग्रजीत 'कव्हर' आलं, तुमच्या वहीला घालता तेच. आणि 'फ' आला लॅटिन 'फोकस'वरून. फोकस म्हणजे घरातली शेकोटीची जागा. भिंगानं ऊन एका बिंदूवर आणलं, की कागद जळतो ना? १६०४ साली केप्लर या शास्त्रज्ञानं अशा बिंदूला 'फोकस' हे नाव दिलं.

मुलांनो, घंटा ऐकून विस्तव झाकणारा माणूस आपल्याबरोबर शेजाऱ्याचंही घर वाचवत होता. २०२० साली आपण घरात बसलो, तेही फक्त स्वतःसाठी नव्हे. शब्दाचा जुना अर्थ तसा अगदीच विझलेला नाही. राखेखाली आहे, एवढंच!

या आठवड्याचा उद्योग : आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी रात्री विस्तव कसा राखत? विझलाच, तर कुठून आणत? उत्तर वहीत लिहून ठेवा.