उन्हाळ्यातील उमेदवारी कोणाच्या मुलांसाठी?

दहावीची परीक्षा मार्च महिन्यात आटोपते आणि अकरावीचे वर्ग भरेपर्यंत निदान अडीच-तीन महिने विद्यार्थ्यांच्या हाती मोकळे राहतात. या काळाचे काय करायचे, याचे उत्तर मध्यमवर्गीय घरांत आता जवळजवळ ठरून गेले आहे. बहुसंख्य मुले पुढच्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांत जाऊन बसतात. गेल्या काही वर्षांत मात्र मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एक निराळी वाटही दिसू लागली आहे. पंधरा-सोळा वर्षांची काही मुले वास्तुरचनाकाराच्या, ग्राफिक डिझायनरच्या किंवा फर्निचरचे आराखडे करणाऱ्याच्या कार्यालयात महिनाभर जातात आणि तेथील जाणत्या माणसांच्या हाताखाली काम पाहतात. या प्रकाराला इंटर्नशिप म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी मराठीला ही कल्पना अपरिचित नाही. छापखान्यात, गॅरेजमध्ये, सोनाराच्या पेढीवर मुलगा 'उमेदवारीला' राहतो, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत.

हा नवा पायंडा स्वागतार्ह आहे. परंतु ही उमेदवारी कोणाच्या मुलांना मिळते आणि त्या महिन्याभरात त्यांच्या पदरात नेमके काय पडते, हे दोन प्रश्न स्वागताच्या भरात मागे राहू नयेत.

हाताखालचे शिक्षण

डिझाइन म्हणजे चित्रकला किंवा सजावट, असा आपल्याकडे समज आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी या समजाला उत्तर देण्यासाठी आपल्या घरोघरी असणाऱ्या लोट्याचे उदाहरण घेतले होते. लोट्यात पाणी किती मावावे, तो भरलेला असताना तोल कसा राहावा, कमरेवर किंवा डोक्यावर कसा बसावा, ओतताना धार कशी पडावी, आतून घासता यावा म्हणून तोंड केवढे असावे, त्याला खर्च किती यावा, असे प्रश्न त्यांनी मांडले. या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याविषयीचे हे प्रश्न ज्याला पडू लागले, त्याच्या डिझाइनच्या शिक्षणाला सुरुवात झाली असे समजावे. असे प्रश्न पाठ्यपुस्तकातून पडत नाहीत. ज्याला ते रोज सोडवावे लागतात, अशा माणसाच्या शेजारी बसल्यानेच ते पडतात.

पौगंडावस्थेतील मुलाला अशा कार्यालयात येणारा अनुभव शाळेपेक्षा मुळातच निराळा असतो. शाळेत प्रश्नाला एक उत्तर असते आणि ते शिक्षकांना आधीच ठाऊक असते. येथे प्रश्न घेऊन ग्राहक येतो. त्याचे उत्तर कोणालाच माहीत नसते आणि पुष्कळदा ग्राहकाला आपला प्रश्नही नीट सांगता येत नाही. मुलाने उत्साहाने काढलेला आराखडा मार्गदर्शक शांतपणे बाजूला ठेवतो आणि पुन्हा काढायला सांगतो. दुसऱ्यांदाही तेच घडते. शाळेत चूक म्हणजे गुण गेले. येथे चूक ही पुढच्या आराखड्याची पहिली पायरी ठरते. आपल्या कामावरची टीका ही आपल्यावरची टीका नव्हे, हा धडा सोळाव्या वर्षी मिळाला तर त्याचे मोल आयुष्यभर टिकते. मग तो मुलगा पुढे डिझायनर होवो, कारकून होवो की शिक्षक होवो.

या पद्धतीला मोठी परंपराही आहे. जर्मनीत १९१९ साली वायमार येथे निघालेल्या बाउहाउस विद्यालयात आरंभीच्या काळात प्रत्येक कर्मशाळेला दोन गुरू असत, एक रूपाचा आणि दुसरा कारागिरीचा. आपल्याकडे सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेचे विद्यार्थी वर्गात केवळ नमुन्यावरून चित्रे गिरवीत बसले नाहीत. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरील पाने-फुले आणि पशुपक्षी यांच्या कोरीवकामात त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. खरी इमारत, खरा दगड आणि शेजारी उभा असलेला जाणता शिक्षक, असे ते शिक्षण होते. रोज त्या स्थानकात उतरणाऱ्या लाखो प्रवाशांना त्याची कल्पनाही नसते.

ओळखीचे दार

तथापि आज ही संधी वाटली कशी जाते, हे पाहिले म्हणजे उत्साह मावळतो. एखाद्या वास्तुरचनाकाराकडे उन्हाळ्यात बसायला मिळण्यासाठी जाहिरात नसते, अर्ज नसतो, निवडही नसते. वडिलांची ओळख असते, आईची मैत्रीण असते किंवा सोसायटीतले शेजारी असतात. जेथे ओळख नाही तेथे आता शुल्क आकारून 'अनुभव' देणारे वर्ग निघाले आहेत आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडता येते. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत उत्तम चित्र काढणाऱ्या मुलीच्या परिचयात असा एकही माणूस नसतो. डिझाइन नावाचा व्यवसाय असतो आणि त्यावर पोट भरता येते, हेच तिला आणि तिच्या घरच्यांना कोणी सांगितलेले नसते.

पूर्वी आपल्या समाजात सुताराचा मुलगा सुतारकी शिकत असे आणि कासाराचा मुलगा कासारकी. गुरू घरातच होता. पण तो जन्माने ठरत होता आणि इतरांना ते दार बंद होते. त्या व्यवस्थेवर आपण योग्य ती टीका केली. आता डिझायनरच्या ओळखीतल्यांची मुले डिझायनर होणार असतील, तर जन्माचे दार जाऊन ओळखीचे दार आले एवढाच फरक पडला, असे म्हणावे लागेल.

खर्चाची बाजूही नजरेआड करता येणार नाही. बहुतेक ठिकाणी ही उमेदवारी बिनपगारी असते. विख्यात वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचर बनविणाऱ्या कुटुंबात झाला. जे. जे. मध्ये शिक्षण घेतल्यावर १९५१ साली ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात दाखल झाले आणि सुरुवातीचे महिने त्यांनी विनावेतन काम केले. पुढे २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. ही हकिकत जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तिच्यातून धोरण काढता येत नाही. दोशींइतकीच गुणवत्ता असलेल्या पण एक महिनाही फुकट काढणे न परवडणाऱ्या किती तरुणांनी त्या दारावरून परत पाऊल वळविले असेल, याची नोंद कोणत्याच चरित्रात सापडणार नाही. आमच्याकडे तर पुष्कळ मुले सुट्टीत दुकानात, शेतात किंवा आईबरोबर कामावर जाऊन घराला चार पैशांचा हातभार लावतात. त्यांना 'अनुभवासाठी या' असे सांगणे म्हणजे न येण्याचेच निमंत्रण आहे.

शिकागोचा धडा

हा प्रश्न इतरत्र कसा सोडविला गेला, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत शिकागो शहराच्या मध्यभागी इमारती पाडून मोकळा केलेला एक मोक्याचा भूखंड, नवे बांधकाम रखडल्यामुळे पडीक राहिला होता. नकाशावर त्याचा क्रमांक ३७ असा होता. १९९१ च्या उन्हाळ्यात महापौरांच्या पत्नी मॅगी डेली आणि नगराच्या सांस्कृतिक आयुक्त लोइस वाइजबर्ग यांनी तेथे तंबू उभारले आणि शहरातील तरुण मुलामुलींना व्यावसायिक कलावंतांच्या हाताखाली कामाला लावले. या उपक्रमाचे नाव 'गॅलरी ३७' असे पडले. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. मुलांना 'उमेदवार कलावंत' मानून वेतन दिले गेले आणि ती कामे कोपऱ्यात न होता भर बाजारपेठेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झाली. याच कामातून पुढे 'आफ्टर स्कूल मॅटर्स' ही संस्था उभी राहिली. वेतन दिल्यामुळे गरीब घरच्या मुलांना दुसरी नोकरी सोडून येणे शक्य झाले. भरपाई म्हणून नव्हे, तर कामाचा मान म्हणून त्या पैशाकडे पाहिले गेले.

इंग्लंडमध्ये २००९ सालापासून तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी स्थानिक महाविद्यालयांत शनिवारचे डिझाइनवर्ग विनामूल्य भरतात आणि व्यावसायिक मंडळी तेथे येऊन शिकवितात. ते सुरू करणाऱ्या सॉरेल प्रतिष्ठानने त्यापूर्वी आणखी एक प्रयोग केला होता. त्यात शाळेतील मुलांनाच ग्राहक बनविले आणि नामांकित डिझायनरांना त्यांच्यासाठी काम करायला लावले. आपल्या शाळेत काय बदलायला हवे, हे मुलांनी सांगायचे आणि आराखडा पसंत-नापसंत करायचा. मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकणे म्हणजे मान खाली घालून आज्ञा पाळणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

अशा योजनेला आमच्याकडे आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ही बालमजुरीची नवी आवृत्ती ठरेल. हा आक्षेप हलका नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा मुलांच्या हातकामाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर याच कारणाने टीका झाली होती. कमाई हे उद्दिष्ट झाले की शिकविणे मागे पडते, हे त्या टीकेतील सत्य होते. म्हणून नियम स्पष्ट हवेत. चौदा वर्षांखालील मूल नको, ठरलेल्या तासांपलीकडे काम नको आणि ज्याचे पैसे कार्यालय ग्राहकाकडून घेणार आहे, असे काम मुलाकडून करवून घ्यायचे नाही. त्याने काढलेल्या रेषेचा उपयोग झालाच, तर तिच्याखाली त्याचे नाव असले पाहिजे.

दुसरा आक्षेप मार्गदर्शकांचा. आमची कार्यालये लहान, माणसे थोडी, मुलांकडे पाहायला वेळ कोणाला आहे, असे ते म्हणतील. हे खरे आहे. वेळ नसेल तर मुलाला घेऊ नये, हेच उत्तम. चहा आणणे आणि झेरॉक्स काढणे यांत महिना गेलेला मुलगा त्या व्यवसायाविषयी जो ग्रह घेऊन परततो, तो शिक्षणाच्या उलट असतो. पण वर्षातून तीन आठवडे, दोन किंवा तीन मुलांसाठी रोज तासभर देणे ज्यांना शक्य आहे, अशी माणसे प्रत्येक मोठ्या शहरात निश्चित सापडतील. त्यांना कोणी रीतसर विचारलेले नाही, ही खरी अडचण आहे.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. चित्रे आता यंत्रच काढून देते. मग मुलांना हे शिकवायचे कशाला? नवशिक्याच्या वाट्याला येणारी गिरविण्याची, रंग भरण्याची कामे संगणक करू लागला आहे, हे मान्यच आहे. पण त्यामुळे शिडीची खालची पायरी नाहीशी होते आणि वरची तशीच राहते. दहा आराखड्यांतून योग्य कोणता आणि का, हा विवेक यंत्राबरोबर विकत मिळत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी बसण्याची गरज त्यामुळे वाढली आहे.

करता येण्याजोगे

यासाठी नवे कायदे किंवा मोठी तरतूद लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, अशी शिफारस आहे. अशीच संधी बारावीपर्यंत आणि सुट्टीच्या काळातही द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. धोरणाचे हे वाक्य महाराष्ट्राने मनावर घ्यावे. निवडीसाठीही वेगळी यंत्रणा उभारण्याची जरूर नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना राज्यभरातील शाळांची मुले वर्षानुवर्षे बसत आली आहेत. कोणत्या मुलाच्या हातात आणि डोळ्यांत चमक आहे, हे त्या शाळांच्या चित्रकला शिक्षकांना ठाऊक असते. त्यांच्या शिफारशीने, निदान निम्म्या जागा सरकारी आणि महापालिका शाळांसाठी राखून, नावे ठरवावीत. प्रवासखर्च, दुपारचे जेवण आणि थोडे विद्यावेतन मिळावे. मुलींच्या पालकांना विश्वास वाटावा म्हणून शाळेतील शिक्षिकेने आठवड्यातून एकदा त्या कार्यालयाला भेट द्यावी.

कामही जवळचेच निवडावे. आपल्या शाळेतील पाण्याच्या नळांची उंची पहिलीतल्या मुलाला पुरते का? सरकारी रुग्णालयात शिरल्यावर क्ष-किरण विभाग कोठे आहे, हे अल्पशिक्षित माणसाला पाट्यांवरून कळते का? एस. टी. स्थानकावरचे वेळापत्रक म्हाताऱ्या माणसाला वाचता येते का? हे सगळे डिझाइनचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधणारा मुलगा एक आठवडा डिझायनरकडे बसावा आणि दुसरा आठवडा सुताराकडे किंवा पाट्या रंगविणाऱ्या पेंटरकडे. बाउहाउसचे दोन गुरू आपल्या गल्लीतही आहेत. मात्र त्यांतील एकालाच गुरू म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे.

शिकवणीवर्गांना आज जेवढी प्रतिष्ठा आहे, तिचा थोडा अंश जरी या उमेदवारीला मिळाला, तरी पुष्कळ काम होईल. मुख्याध्यापकांनी आपल्या गावातील चार जाणकारांना पत्रे लिहावीत आणि शिक्षण खात्याने येत्या सुट्टीपूर्वी राखीव जागांचा व विद्यावेतनाचा निर्णय घ्यावा. तसे झाले नाही, तर पुढच्या मे महिन्यातही ओळखीच्या दारातून ओळखीचीच मुले आत जातील.