पुढचे पुस्तक कोण लिहील?

एखादे मराठी पुस्तक गाजू लागले की त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आणि टेलिग्रामवर फिरू लागते, याचे आता कुणाला काही वाटेनासे झाले आहे. कादंबरी असो, चरित्र असो की स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक, कशाचीच सुटका नाही. ‘वाचनसंस्कृती वाढवू या, पुढे पाठवा’ असे आवाहन सोबत असते आणि समूहातले लोक पाठवणाऱ्याचे आभार मानतात. स्पष्टच सांगायला हवे, ही चोरी आहे. वाचनप्रेमाच्या नावाखाली होते म्हणून ती अधिक घातक आहे, कारण चूक करणाऱ्याला आपण चांगले काम करतो आहोत असेच वाटत राहते.

अशी एखादी फाइल उघडून पाहा. पाने मोबाइलने टिपलेली असतात. कडेला पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा दिसतो. स्वामित्व हक्काची सूचना असलेले पान बहुधा गाळलेले असते. प्रत्येक पानावर मात्र चॅनेलचे नाव आणि ‘जॉइन करा’ची लिंक आडवी छापलेली असते. ज्याने चार वर्षे खपून पुस्तक लिहिले त्याच्या मजकुरावर दुसऱ्याचा शिक्का बसतो. सदस्य वाढले की त्याच चॅनेलवर जाहिराती येतात. म्हणजे यात कमाई होतच नाही असे नाही. ती लेखकाची होत नाही, एवढेच.

हिशेब मांडला की धोक्याचा आकार कळतो. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख. तरीही मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची धरण्याची आपल्याकडे रीत, आणि आता पाचशे किंवा त्याहूनही कमी प्रती छापणारे प्रकाशक आहेत. ३०० रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरले, तर सगळ्या हजार प्रती खपल्यावर लेखकाच्या हाती ३० हजार रुपये येतात, तेही खपायला दोन-तीन वर्षे लागली तर तेवढ्या काळात. दुसरीकडे व्हॉट्सॲपच्या एका समूहात १,०२४ सदस्य मावतात. भरलेल्या एका समूहात एकदा फाइल टाकली की अख्ख्या आवृत्तीपेक्षा जास्त हातांत ती पडते. उतरवून घेणारा प्रत्येकजण पुस्तक विकत घेणारच होता, असे कुणी म्हणत नाही. पण जिथे मुळातच हजार गिऱ्हाइके आहेत, तिथे दोनशे गळाली तरी दुसरी आवृत्ती निघत नाही.

मोठ्या बाजारपेठेतला व्हिडिओ गेम किंवा इंग्रजी कादंबरी असा घाव एक वेळ सोसते. ते करणेही गैरच, पण तिथे उरलेले ग्राहक लाखांत असतात. मराठीत तो दिलासा नाही. पहिला फटका बसतो तो नव्या लेखकाला. नावाजलेल्या लेखकाचे हमखास खपणारे पुस्तक चार पैसे मिळवून देते, त्या बळावर प्रकाशक अनोळखी कवीचा संग्रह किंवा खर्चिक अनुवाद काढण्याचे धाडस करतो. हमखास खपणारे पुस्तकच पीडीएफवाले पळवतात. मग ‘छपाईचा खर्च तुम्ही द्या’ असे नव्या लेखकाला ऐकावे लागते आणि ज्याच्याकडे पैसे त्याचेच पुस्तक निघते. मुद्रितशोधक, अनुवादक, मुखपृष्ठ करणारा चित्रकार या सगळ्यांचे काम त्याच आवृत्तीवर चालते.

‘पुस्तके परवडत नाहीत’ ही तक्रार खोटी नाही. तालुक्याच्या गावी पुस्तकांचे दुकान नाही, अनेक चांगली पुस्तके वर्षानुवर्षे पुनर्मुद्रित होत नाहीत, हेही खरे. यात प्रकाशकांचा दोष आहे. किंडलवर मराठी पुस्तके २०१६पासून मिळू लागली, बुकगंगासारखी मराठी व्यवस्था त्याआधीपासून आहे. तरी अनेक पुस्तकांच्या ई-आवृत्त्या आजही नाहीत. पण म्हणून चोरी योग्य ठरत नाही, कारण प्रामाणिक वाटा उपलब्ध आहेत. मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. साने गुरुजींची पुस्तके आज कुणीही छापावीत, वाटावीत. विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःसाठी करता येतात. अंध वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करायलाही कायद्याची मुभा आहे. कायदा वाचकाचा वैरी नाही.

१९५७च्या कायद्यात स्वामित्व हक्काच्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण गुन्हा उरतोच. मात्र हा कायदा वापरायला पैसा आणि वकील लागतात. चित्रपट कंपन्यांनी २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातून चोरट्या संकेतस्थळांच्या नव्या अवतारांवरही बंदी मिळवली. २०२३च्या दुरुस्तीने चित्रपट चोरीची शिक्षा आणखी कडक झाली. अभ्यास साहित्याच्या चोरीविरुद्ध एका शिक्षिकेने दाद मागितली, तेव्हा २०२२मध्ये त्याच न्यायालयाने चॅनेल चालवणाऱ्यांचा तपशील उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. म्हणजे लढले तर न्याय मिळतो. परंतु ३० हजारांच्या मानधनासाठी दिल्ली गाठणे कुठल्या मराठी लेखकाला झेपेल?

म्हणून ही लढाई एकेकट्या लेखकावर सोडू नये. प्रकाशक आणि साहित्य संस्थांनी मिळून एक तक्रार कक्ष उभारावा. चॅनेल शोधणे, ते बंद पाडणे, गरज पडल्यास फिर्याद देणे हे काम त्याने करावे. छापील पुस्तकासोबत त्याच दिवशी स्वस्त ई-आवृत्ती यावी. सार्वजनिक ग्रंथालयांना ठरलेल्या मुदतीसाठी ई-पुस्तके वाचायला देता येतील आणि लेखकाला त्याचा मोबदला मिळेल, अशी व्यवस्था राज्य सरकारने करावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा उत्सव खूप झाला. आता आज लिहिणाऱ्यांच्या पोटापाण्याकडे पाहायला हवे.

आणि सर्वांत मोठी जबाबदारी आपली, वाचकांची आहे. समूहाच्या ॲडमिनने अशी फाइल दिसताच काढून टाकावी आणि का काढली ते सांगावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना चोरीची पीडीएफ पाठवणे थांबवावे. परवडत असेल त्याने पुस्तक विकत घ्यावे, नसेल त्याने ग्रंथालयाची वर्गणी भरावी, आणि जवळ ग्रंथालय नसेल तर ते मागण्यासाठी ग्रामपंचायतीत आवाज उठवावा. फुकट मिळालेल्या शंभर पुस्तकांनी फोन भरेल, पण एकशेएकावे पुस्तक लिहायला कुणी बसणार नाही. मराठीत पुढची पिढी लिहिती राहावी असे ज्याला वाटते, त्याने आज येणारी फाइल पुढे पाठवू नये.