बाटली हलवा, मगच औषध ओता!

दोस्तांनो, पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की दुतोंड्या मारुती किती बुडाला हे पाहायला नाशिककर गोळा होतात. तसलं गढूळ पाणी आज आपण घरीच करू या. पुराच्या वेळी नदीवर मात्र जायचं नाही हं!

काचेचे दोन पेले पाण्यानं भरा. एकात चमचाभर साखर ढवळा, दुसऱ्यात चमचाभर माती. आता अर्धा तास थांबा.

साखर विरघळून पाण्यात सगळीकडे सारखी पसरली. हे झालं द्रावण. माती मात्र विरघळत नाही. तिचे कण थोडा वेळ पाण्यात फिरतात आणि मग तळाशी बसू लागतात. हे झालं निलंबन.

काही पातळ औषधंही निलंबनंच असतात, बरं का! म्हणून तर बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ असं छापतात. समजा, 60 मिलिलिटरच्या बाटलीत 5 मिलिलिटरचे 12 डोस आहेत. न हलवता ओतलं, तर सुरुवातीच्या डोसात औषध कमी जाईल, ताप उतरणार नाही. आणि शेवटच्या डोसात नको तेवढं जाईल!

कण पटकन बसू नयेत म्हणून कारखान्यात ते खूप बारीक करतात. कणाचा व्यास निम्मा झाला, की तो चौपट हळू खाली जातो! शिवाय औषध जरा दाटही करतात. तरी गाळ बसतोच.

तेव्हा घरात कुणाला असं औषध द्यायचं असेल, तर बाटली हलवायचं काम तुमचं. आणि हलवूनही तळाचा गोळा सुटला नाही तर? ते औषध देऊ नका, मोठ्यांना सांगून दुकानदाराला दाखवा.